घरच्या आरतीचे ध्वनिमुद्रण

महालक्ष्म्यांच्या सणात अचलपुरातील कित्येक घरांतून आरती मोबाईलवर मुद्रित होऊन परगावच्या मुलाबाळांकडे जाते. ऐकू येतात त्या बहुधा झांजा. आजीचा स्वर विहिरीतून आल्यासारखा. घराण्याची चाल एका तिच्याच कंठात उरली असेल, तर ही हानी लहान नव्हे.

यात कंठाला बोल लावू नये. झांज कडाडली की मोबाईल आपोआप सगळाच आवाज खाली ओढतो, आणि गाणारा दबतो. म्हणून झांजवाल्यांस चार हात मागे उभे करावे. मोबाईल गाणाऱ्यापासून दीड वीत दूर, तोंडाच्या किंचित बाजूस ठेवावा; म्हणजे 'फ', 'भ' यांचा श्वास त्यावर आदळत नाही. पंखा बंद असावा. रिकाम्या खोलीत स्वर घुमतो. भिंतींशी गाद्या-गोधड्या उभ्या केल्यास घुमारा पुष्कळ कमी होतो.

पाणिनीय शिक्षेने अधम पाठकांत मान हलविणाराही गणला आहे. आम्हां कीर्तनकारांस तर डोलण्याची खोड फार! पण मान हलली की यंत्रापासूनचे अंतर बदलते व स्वर लहानमोठा होतो. १९०२ साली गौहरजान यांनी कोलकात्यात तबकड्यांसाठी गायिले, तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता; कर्ण्याच्या रोखाने तोंड ठेवूनच गावे लागे.

आजीची चाल मात्र आरतीच्या गर्दीत मुद्रित करू नये. पूजा आटोपल्यावर, वाद्यांवाचून, तिच्या सोयीच्या पट्टीत ती एकटीकडून म्हणवून घ्यावी. आरंभी तिने आपले नाव व तिथी सांगावी.