मिठाचा जमाखर्च

आमच्या चाळीतल्या एका ताईंना मिठाचे वेड लागले होते. कैरी असो की पेरू, वर मीठ हवेच. कधी नुसती चिमूटच तोंडात टाकायच्या. उठताना चक्कर, मळमळ, अंग दिवसेंदिवस झडत चाललेले. जवळच्या डॉक्टरांनी दोनदा टॉनिक दिले. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. रंगही काळवंडला होता, पण बांधकामावरचे काम, ऊन लागणारच, म्हणून आम्हीही लक्ष दिले नाही. शेवटी मोठ्या इस्पितळात रक्त तपासले. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त. त्यांच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या होत्या. काही वर्षांपूर्वी झालेल्या क्षयाने त्या पोखरल्या होत्या.

या ग्रंथी दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या असतात. एकीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. १८५५ साली लंडनच्या डॉ. थॉमस ॲडिसन यांनी हा आजार प्रथम नीट मांडला, म्हणून त्याला ॲडिसनचा आजार म्हणतात.

आम्ही वीस वर्षे जमाखर्चाच्या वह्या लिहीत आलो, म्हणून त्याच भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते, ती साहेब. ती एसीटीएच नावाचे संप्रेरक पाठवते, हा तिचा हुकूम. त्यावर अधिवृक्काचे कवच कॉर्टिसॉल तयार करते. कॉर्टिसॉल पुरेसे झाले की हुकूम आपोआप कमी होतो. मिठाचा हिशेब मात्र कवचाच्या सर्वांत बाहेरच्या थराकडे. तो अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडतो आणि मूत्रपिंडाला सांगतो, सोडियम परत घे, पोटॅशियम बाहेर टाक. हे संप्रेरक १९५३ साली सिल्व्हिया सिम्पसन, जेम्स टेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे काढले.

साहेब गेला की सगळे टेबल बंद पडेल, असे आम्हाला वाटायचे. तसे नाही. १९३० मध्ये फिलिप स्मिथ यांनी उंदरांची पियुषिका काढली, तेव्हा अधिवृक्काचे कवच सुकले. पण सर्वांत बाहेरचा थर बराचसा टिकतो, असे पुढे दिसून आले. एसीटीएचचा धक्का त्यालाही बसतो, पण तेवढ्यापुरता. त्याचा खरा हुकूम मूत्रपिंडातल्या रेनिनकडून आणि रक्तातल्या पोटॅशियमकडून येतो.

म्हणूनच दोन आजार वेगळे ओळखावे लागतात. ग्रंथीच बिघडली तर मीठ वाहून जाते, पोटॅशियम साचते. पियुषिका हुकमामागून हुकूम काढते, आणि त्या वाढलेल्या एसीटीएचमुळे कातडी काळवंडते. सावळ्या अंगावर हे चटकन कळत नाही. हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुने व्रण पाहावेत. उलट पियुषिकाच बिघडली तर रंग फिकट पडतो, पोटॅशियम चढत नाही. सोडियम उतरू शकते, पण ते अंगात पाणी साठल्यामुळे. बाळंतपणात फार रक्त गेलेल्या बाईला असे होऊ शकते. दूध येत नाही, पाळी परतत नाही, थकवा जात नाही. घरचे ‘अशक्तपणा’ म्हणून वर्षानुवर्षे काढतात. भगिनींनो, डॉक्टरांना बाळंतपणातला तो रक्तस्राव आवर्जून सांगा.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतले की पियुषिकेला वाटते माल भरपूर आहे, आणि ती हुकूम थांबवते. ग्रंथी आळसावते. मग बरे वाटले म्हणून, किंवा पैसे संपले म्हणून गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतते. भोंदू वैद्यांच्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले सापडते, तेव्हा रोगी काय घेतो हे त्यालाही ठाऊक नसते. गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे, हळूहळू.

आमच्या ताई आता दोन गोळ्या रोज घेतात, एक कॉर्टिसॉलच्या जागी, एक मीठ धरून ठेवण्यासाठी. ताप आला की पहिली दुप्पट घ्यायची, असे त्यांना डॉक्टरांनी बजावले आहे. आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या बटव्यात असते. ती आम्हीच ठळक अक्षरांत लिहून दिली, आणि सासूबाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शिवून ठेवली.