बंबाची सभा आणि बॉस्टनचा चहा

बॉस्टन, मे महिना



बॉस्टनजवळच्या आमच्या गावात परवा टाउन मीटिंग झाली, म्हणजे इथली ग्रामसभा. शाळेच्या सभागृहात संध्याकाळी गावकरी जमले. दारात मतदारयादीत नाव बघून एकेकाच्या हातात पिवळं कार्ड देत होते. मी अजून इथली नागरिक नाही, तेव्हा मला कार्ड नाही. मत नसलेल्यांसाठी कडेला राखलेल्या खुर्च्यांवर मी बसले.

विषय होता आगीचा नवा बंब. त्यापायी एका घरामागे घरपट्टीत किती भर पडेल, तो आकडा पडद्यावर लावलेला. एक आजीबाई काठी टेकत माईकपाशी आल्या आणि जुना बंब दुरुस्त का होत नाही, असं त्यांनी विचारलं. अग्निशमन दलाच्या प्रमुखांनी पंपाचा दाब, गंजलेली टाकी, सुटे भाग न मिळणं, सगळं नीट समजावलं. मग आणखी दोघं बोलले. पाऊण तास एका बंबावर गेला. शेवटी कार्डं वर झाली, मोजणी झाली, बंब मंजूर.

आपल्याकडे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत जमाखर्च वाचून दाखवतात, हजेरीवहीवर सह्या होतात. पण पट्टी वाढवायची की नाही हे हात वर करून ठरताना मी शिर्डीत असताना कधी पाहिलं नाही. इथे ही रीत १६३०च्या दशकापासून चालत आली आहे. इंग्लंडच्या राजाचं राज्य असतानाही गावाची पट्टी गाव ठरवायचं आणि वसाहतीचा कर वसाहतीची निवडलेली सभा.

हे पाहिल्यावर शाळेत घोकलेल्या ‘प्रतिनिधित्व नाही तर कर नाही’ या घोषणेत मला पहिल्यांदा जीव दिसला. कर फार जड होता म्हणून इथले लोक उठले, असं मी समजत होते. तसं नव्हतं. त्या काळी खुद्द इंग्लंडमधला माणूस यांच्यापेक्षा कितीतरी पट कर भरत होता. फ्रान्सशी झालेलं युद्ध १७६३ला संपलं, लंडनच्या डोक्यावर कर्ज होतं आणि अमेरिकेतल्या फौजेचा खर्च निघायला हवा होता. म्हणून १७६५ला पार्लमेंटने स्टॅम्प ॲक्ट आणला. राहात्याच्या तहसिलीबाहेर आपण स्टॅम्पव्हेंडरकडे जातो, तसलाच मुद्रांक. पण तो खरेदीखतापुरता नव्हता. वर्तमानपत्राला, पंचांगाला, पत्त्यांच्या जोडाला आणि फाशांनाही. त्या ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या लोकांनी मुद्रांक वाटायला नेमलेल्या अधिकाऱ्याचा पुतळा एका झाडाला लटकवला. पार्लमेंटमधला प्रत्येक सभासद साऱ्या साम्राज्याचाच प्रतिनिधी आहे, असं लंडनचं म्हणणं. ज्यांनी स्वतःच्या गावात बंबासारख्या खर्चावर पिढ्यान् पिढ्या वाद घातले होते, त्यांना हे पटणं शक्यच नव्हतं. कायदा पुढच्या वर्षी रद्द झाला, पण तुमच्यावर कायदे करायचा हक्क आमचाच, असं पार्लमेंटने त्याच वेळी लिहून ठेवलं.

मग चहा. १७७३च्या कायद्याने चहा उलट स्वस्त झाला होता. कर राहिला पौंडामागे तीन पेन्स. तरीही १६ डिसेंबरच्या रात्री बॉस्टनच्या लोकांनी ३४२ पेट्या बंदरात रिकाम्या केल्या. तो चहा चीनचा होता (आसामात मळे व्हायला अजून साठेक वर्षं होती), पण माल होता ईस्ट इंडिया कंपनीचा. आपल्या कंपनी सरकारचा! कंपनी बुडायला आली होती, तिची गोदामं न खपलेल्या चहाने भरली होती, म्हणून तो इकडे पाठवला. फिलाडेल्फियाचे वकील जॉन डिकिन्सन यांनी त्याच नोव्हेंबरात टोपणनावाने पत्रक काढून बजावलं होतं की, याच कंपनीने बंगालमध्ये दुष्काळात माणसं मरू दिली, ती आता आपल्याकडे वळली आहे. १७७०चा तो दुष्काळ. बंगालचे मेलेले लोक बॉस्टनच्या भांडणात हजर होते, हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि वाचलं त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

आपल्या नगर जिल्ह्यात तर ओझंही जड होतं आणि विचारणारंही कोणी नव्हतं. १८६५ला अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, आणि त्याच सुमारास पुणे-नगरकडे फेरआकारणी होऊन शेतसारा वाढला. काही ठिकाणी दुप्पट. सारा भरायला कुणबी सावकाराकडे गेला. १२ मे १८७५ला पुण्याकडच्या सुप्याच्या बाजारात लोक उठले आणि लोण पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपर्यंत आलं. जाळले ते सावकाराचे रोखे आणि खतं. आकारणी ठरवणारं सरकार हाताला लागण्यासारखं नव्हतं. सावकार गल्लीतच राहत होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मात्र नेमकं दुखणं ओळखलं. हिंदुस्थानला पार्लमेंटमध्ये प्रतिनिधी द्या, असा हजारो सह्यांचा अर्ज तिने त्याच काळात लंडनला धाडला. प्रतिनिधी काही मिळाले नाहीत.

आपल्या शिर्डीत साईबाबांच्या दक्षिणेवरही सरकारची नजर गेली होती. नरसिंहस्वामींनी लिहिलेल्या चरित्रात ही हकीकत येते. बाबा संध्याकाळपर्यंत सगळं वाटून मोकळे, तेव्हा प्राप्तिकर बसला तो त्यांच्या हातून रोज पैसे मिळणाऱ्यांवर. द्वारकामाईच्या, म्हणजे बाबांच्या मशिदीच्या, पायरीपर्यंत लांबचं सरकार असं पोचलं होतं.

इथल्या लोकांना मी डोक्यावर घेत नाही. घोषणा देणाऱ्या कित्येकांच्या घरी गुलाम होते. १७८०त मॅसॅच्युसेट्सचे पॉल कफी आणि त्यांचे काही कृष्णवर्णीय साथीदार यांनी सरकारकडे अर्ज केला: आम्हाला मत नाही, मग आमच्याकडून कर कसा घेता? इंग्लंडशी लढाई चालूच होती. कर भरला नाही म्हणून कफींना तुरुंग दाखवला गेला. मला या सगळ्या इतिहासात तो अर्ज सर्वांत मोठा वाटतो.

माझ्याही पगारातून सामाजिक सुरक्षेचे ६.२ टक्के दर वेळी कापले जातात, घरभाड्यातून घरपट्टीही जातेच. सभा सुटल्यावर शेजारच्या बाईंनी पार्किंगमध्ये विचारलं, “तुला कार्ड असतं तर कोणत्या बाजूने?” मी म्हटलं, बंबाच्याच बाजूने. पण आमची गल्ली अरुंद आहे, तो नवा बंब तिथे वळेल का, हे मला प्रमुखांना विचारायचं होतं.

“मग पुढच्या वेळी अध्यक्षांची परवानगी माग आणि विचार,” त्या म्हणाल्या. “बोलायला कार्ड लागत नाही.”