मोशेची शिंगं

रोममधल्या सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये मायकेलअँजेलोचा संगमरवरी मोशे बसला आहे. छातीवर रुळणारी दाढी आणि डोक्यावर दोन आखूड शिंगं. सीनाय पर्वतावरून उतरताना मोशेचा चेहरा तेजाळला होता, असं बायबलमधलं ‘निर्गम’ हे पुस्तक सांगतं. पण जुन्या हिब्रू लिखाणात स्वर नसत. त्याच तीन व्यंजनांतून ‘तेजाळणं’ही निघतं आणि ‘शिंग’ही. बायबलचा भाषांतरकार जेरोम याने इसवी सन 400च्या सुमारास लॅटिनमध्ये शिंगं घेतली. पुढे कित्येक कलावंतांनी ती इमानाने घडवली.

बायबलमधल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या, सातव्या अध्यायातल्या एका शब्दाने मात्र श्रद्धेची वाटच दुभंगली. यहूदाचा राजा आहाज दोन शत्रूंच्या धास्तीने हबकला आहे. यशया त्याला खूण देतो : एक ‘अल्मा’ मुलाला जन्म देईल, आणि त्याला बरंवाईट कळायच्या आत त्या दोन राजांचा मुलूख ओस पडेल. अल्मा म्हणजे वयात आलेली तरुणी. कुमारिकेसाठी हिब्रूत ‘बेथुला’ आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात इथे ‘पार्थेनोस’, कुमारिका, आलं. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने येशूच्या जन्मकथेत तोच शब्द उचलला आणि ख्रिस्ती वाचकाच्या नजरेतून आहाज पुसला गेला. दुसऱ्या शतकात अक्विलाने ज्यू वाचकांसाठी नव्याने ग्रीक भाषांतर केलं, तेव्हा ‘तरुणी’ लिहिलं.

जुन्या भाषांतरकाराला बोल लावतात, ते मला पटत नाही. त्याच ग्रीक ग्रंथपरंपरेत, उत्पत्तीच्या 34व्या अध्यायात, याकोबाची मुलगी दीना हिच्यावर अत्याचार झाल्यानंतरही तिला पार्थेनोसच म्हटलंय. शब्द तेव्हा सैल होता. वाचणाऱ्यांच्या श्रद्धेने तो आवळला. इतका की 1952 मध्ये अमेरिकेतल्या नव्या इंग्रजी आवृत्तीने ‘तरुणी’ छापून ‘कुमारी’ तळटीपेत नेलं, तेव्हा एका पाळकाने ते पान जाळलं.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. 1922 मध्ये, हे काम हातावेगळं करून त्या गेल्या. त्यांच्या मुक्तिसदन या आश्रमाच्या छापखान्यात तिथल्याच मुलींनी ते छापलं. यशयाच्या त्या ओळीपाशी रमाबाईही थबकल्या असतील, असं मला वाटत राहतं. ‘कुमारी’ लिहिलं की येशूची आई मरिया दिसते, ‘तरुणी’ लिहिलं की आहाजच्या काळातली कुणी बाई; आणि दोघींना एकाच वेळी पोटात घेईल असा शब्द मराठीजवळ नाही.