पंचाचे डोळे बेसवर, कान चेंडूवर

मागं माझ्या भाचीचा सॉफ्टबॉलचा सामना होता. पंच नियम वाचून आले होते, पण उभं कुठं राहायचं, पाहायचं कुठं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पोर पहिल्या बेसवर वेळेत पोचली होती, तरी बाद दिली.

होमपासून पहिला बेस ६० फुटांवर. पाय आणि चेंडू जवळपास एकदमच येतात. दोन्हीकडं कसं बघणार? शिकलेला पंच नजर बेसवर ठेवतो आणि चेंडू ग्लोव्हमध्ये पडल्याचा आवाज ऐकतो. आवाज आधी तर बाद, पाय आधी तर सेफ. आपण नाही का, भाकरी थापता थापता कुकरच्या शिट्ट्या मोजत! पण हे पुस्तकातून येत नाही. पोरींना मैदानावर पुन्हा पुन्हा पळवून कान तयार करावा लागतो.

स्ट्राइकचंही तसंच. होमप्लेट अवघी १७ इंच रुंद. चेंडू कॅचरच्या हातात जाईपर्यंत डोकं हलवायचं नाही, मगच बोलायचं.

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्याची वाट अशाच सामन्यांतून सुरू होते. म्हणून बैठकीत विचारलं, पंचाचं काम कोण शिकणार? एक काकू म्हणाल्या, "पळावं लागतं का गं?" म्हटलं, थोडंसं. त्यांनी नाव लिहायला सांगितलं.