दांडी, बादली आणि पाल्याचा रस

आयुर्वेदात वनस्पतींपासून औषध तयार करण्याच्या पाच मूळ कल्पना सांगितल्या आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. यांतला स्वरस म्हणजे ओली वनस्पती कुटून, कापडातून पिळून काढलेला रस. मूठभर तुळशीला हाताची मूठ पुरते. पाला अर्धा किलो असला, तर मात्र मनगटे दुखू लागतात आणि चोथा ओलाच राहतो. अशा वेळी कामी येणारे साधे दाबयंत्र शाळेत बनवता येते. 'जोर जास्त, तर रस जास्त' ही समजूत कितपत खरी आहे, हेही त्यावर तपासता येते.

यंत्राची जुळणी

सुमारे ८० सेंमी लांब, १० सेंमी रुंद आणि ४ सेंमी जाड अशी टणक लाकडाची फळी तळाला घ्यावी. तिच्या एका टोकाला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या उभ्या बसवाव्यात. वरची दांडी तेवढ्याच रुंदी-जाडीची, पण थोडी लांब घ्यावी. पट्ट्यांच्या वरच्या भोकांतून आणि दांडीच्या टोकातून एक जाड बोल्ट आरपार घालावा. हा आपल्या तरफेचा टेकू. पट्ट्याही आरपार बोल्टनेच बसवाव्यात, स्क्रूने नव्हे. त्यांच्यावर किती ताण येतो ते पुढे कळेलच.

टेकूपासून १० सेंमीवर काठाची छोटी ताटली, तिच्यात खाचा पाडलेली जाड लाकडी चकती आणि तिच्यावर १० सेंमी व्यासाचा, तळाला बारीक भोके पाडलेला स्टीलचा डबा ठेवावा. डब्यात मांजरपाटाची पिशवी, पिशवीत पाला आणि वर डब्यात सैलसर बसणारा लाकडी दट्ट्या. दांडी साधारण आडवी राहील इतके ठोकळे दट्ट्यावर रचावेत. तळफळी जड टेबलावर ठेवून टेकूकडचे टोक क्लॅम्पने पक्के आवळावे. टेकूपासून १०० सेंमीवर, टेबलाबाहेर आलेल्या दांडीला बादली टांगावी.

जोराचा हिशोब

बादलीत १० लिटर पाणी म्हणजे १० किलोग्रॅम भार. भारभुजा १० सेंमी आणि बलभुजा १०० सेंमी असल्याने दट्ट्यावर १०० किलोग्रॅम भार येतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौ. सेंमी. म्हणून दाब दर चौ. सेंमीला सुमारे १.३ किलोग्रॅम भार. दोन बादल्यांनी २.५. दांडीचे व बादलीचे वजन आपण सोडून दिले आहे; ते धरून हिशोब करण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे. दोन बादल्या असताना टेकूचा बोल्ट १८० किलोग्रॅम भाराने वर ओढला जातो. स्क्रू का चालत नाहीत, ते यावरून समजेल.

स्क्रूच्या दाबयंत्रात पाला दबला की जोर कमी होतो आणि पुन्हा पुन्हा पिळावे लागते. बादली मात्र पाल्याबरोबर खाली उतरते आणि जोर कायम राहतो.

रस अडतो कुठे?

डब्यात अख्खी पाने घालून पाहिली, तर रस फारसा निघत नाही. हिरव्या पाल्याच्या वजनात बहुधा तीन-चतुर्थांश किंवा अधिक पाणीच असते; पण ते पेशींत बंद असते. टवटवीत पानाच्या पेशीभित्तिका आतून कित्येक वातावरणांइतका दाब सहज पेलतात. आपल्या यंत्राचा दाब दोन-अडीच वातावरणांचा. पेशी फोडण्याचे काम खलबत्त्याचे. तिथे तेवढाच जोर अगदी लहान जागेवर पडतो. दाबयंत्राचे काम मोकळा झालेला रस चोथ्यापासून वेगळा करण्याचे. 'आधी कुटा, मग पिळा' हा जुना क्रम असा सार्थ आहे.

दुसरी अडचण वाटेची. चोथ्यातल्या बारीक फटींतून रस खाली उतरतो. एकदम जोर दिला, तर तळाचा थर आधी दबतो आणि वाट बुजते. थराची जाडी दुप्पट केली, तर रसही दुप्पट आणि वाटही दुप्पट. म्हणून वेळ साधारण चौपट लागतो. तेव्हा पाला थोडा घ्यावा आणि भार सावकाश वाढवावा.

वर्गात करून पाहा

एकाच झाडाचा पाला घेऊन १०० ग्रॅमचे तीन वाटे करावेत. पहिला अख्खाच दाबावा. दुसरा कुटून त्यावर एकदम दोन बादल्या टांगाव्यात. तिसरा तसाच कुटावा, पण बादली टांगून पाणी तांब्या-तांब्याने ओतावे आणि मग दुसरीचेही तसेच करावे. प्रत्येक वाट्याला एकूण १५ मिनिटे द्यावीत. रस वजन करून नोंदवावा. चोथा आधी ओला आणि मग उन्हात पूर्ण वाळवून तोलावा. जोर लावूनही किती पाणी आत राहिले, ते या फरकातून कळते. रस आणि ओला चोथा मिळून १०० ग्रॅम भरत नसतील, तर उरलेले वजन कुठे गेले? कापड तोलून पाहावे.

सावधगिरी

जास्त रसाच्या आशेने मोटारीचा जॅक लावण्याचा मोह होतो. दोन टनी जॅक याच डब्यात दर चौ. सेंमीला २५ किलोग्रॅम भार देऊ शकतो. लाकडी सांगाडा त्याने फुटून तुकडे अंगावर उडतील. बादलीखाली पाय आणि दांडीखाली बोटे नेऊ नयेत. कण्हेर, रुई, धोतरा यांसारख्या विषारी वनस्पती या प्रयोगाला घेऊ नयेत. निघालेला रस मोजण्यासाठी आहे, औषध म्हणून पिण्यासाठी नाही.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र आपण फळ्यावर लिहितोच. ते कुठे पुरे पडते आणि कुठे पेशीची भिंत, थराची जाडी आणि वेळ यांचाही विचार करावा लागतो, हे मुलांना या तीन वाट्यांच्या नोंदींतून स्वतः शोधता येईल.