काही काढूच नका!

पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर 2020 मध्ये जगातल्या महासंगणकांच्या यादीत 63वा आला. असल्या यंत्राचा वेग कशावर ठरतो? आकडेमोड करणाऱ्या जीपीयू चिपांवर, असं कुणीही सांगेल. पण एआय मॉडेलला फोटो ओळखायला शिकवताना हे जीपीयू सेकंदाला हजारो फोटो फस्त करतात. ते पुरवणारी साठवण मागे पडली, की पानं मांडलेल्या पंगतीसारखे नुसते ताटकळत बसतात. कोट्यवधींचं यंत्र, आणि अडतं कुठे, तर वाढप्यापाशी!

इमेजनेट हा प्रसिद्ध संच घ्या. 1000 प्रकारांचे सुमारे 12 लाख 80 हजार फोटो, प्रत्येकाची वेगळी फाइल, आणि फाइली अनेक सर्व्हरवर विखुरलेल्या. ‘ही फाइल कुठे आहे?’ हे आधी एका सर्व्हरला विचारायचं, मग दुसऱ्याकडून ती आणायची. शंभरेक केबीच्या फोटोसाठी एवढी चौकशी! म्हणून हजारो फोटो एकाच मोठ्या फाइलीत बांधतात आणि सलग वाचतात. इथवर ठीक.

खरं नवल पुढे आहे. मॉडेल तेच फोटो फेरीमागून फेरी बघतं, प्रत्येक वेळी नव्याने पिसून. मग थोडे रॅममध्येच ठेवले तर? हे बघायला महासंगणक लागत नाही. इथे दुबईच्या अल कुसैसमध्ये इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाच्या गेमिंग पीसीवरही हेच घडतं. समजा, त्याच्या रॅममध्ये निम्मे फोटो मावतात. म्हणजे निम्म्या वेळा डिस्कपर्यंत जायला नको, बरोबर?

चूक! हिशेब मांडा, जेमतेम 15 टक्के वेळा फोटो रॅममध्ये सापडतो.

कारण संगणकाची सवय: जागा संपली, की ज्याला सर्वांत जास्त वेळ हात लागला नाही, ते बाहेर. आपल्या रोजच्या कामाला हा नियम उत्तम, कारण आत्ता उघडलेली फाइल आपण पुन्हा उघडतो. इथे मात्र आत्ता बघितलेला फोटो पुढच्या फेरीपर्यंत लागणारच नाही, आणि जुना आता कधीही लागेल. नेमका तोच बाहेर जातो! फोटो न पिसता त्याच क्रमाने वाचले, तर निम्मा संच रॅममध्ये असूनही एकदासुद्धा काही सापडत नाही. शून्य!

2021 मध्ये जयश्री मोहन आणि सहकाऱ्यांनी मांडलेला उपाय वाचून मी थक्क झालो. रॅम भरली, की थांबा. काही काढूच नका. आत आलेले निम्मे फोटो प्रत्येक फेरीत तिथेच सापडतात, क्रम कुठलाही असो. 15 वरून थेट 50 टक्के, आणि एक चिपसुद्धा नवी घ्यावी लागली नाही!

त्याहून पुढची कमाल ऐका. असे दोन सर्व्हर वेगवान नेटवर्कने जोडा आणि दोघांना वेगवेगळा निम्मा संच सांभाळायला द्या. आपल्याकडे नसलेला फोटो शेजाऱ्याच्या रॅममधून मागायचा. पहिली फेरी संपली, की त्यानंतर डिस्क वाचायची गरजच उरत नाही.