ॲरो रेस्ट (कंपाउंड धनुष्य)
ॲरो रेस्ट म्हणजे धनुष्याच्या मुठीवर बाण टेकवण्यासाठी बसवलेला आधार. प्रत्यंचा बोटांनी सोडायची की रिलीज या यांत्रिक साधनाने, यावर त्याची निवड ठरते. २०२३ च्या बर्लिन जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णपदके मिळवणारे साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे रिलीज वापरतात. सातारा जिल्ह्यातीलच ऑलिंपिकपटू प्रवीण जाधव रिकर्व्ह धनुष्य बोटांनी ओढतो.

रिलीजमधून सुटलेली प्रत्यंचा जवळजवळ सरळ पुढे जाते. बाण मुख्यतः वर-खाली वाकतो आणि त्याला खालचा आधार पुरतो. बोटांवरून घसरताना मात्र ती बाजूला सरकते. उजव्या हाताने ओढणाऱ्याच्या बाबतीत बाणाचे शेपूट डावीकडे जाते, मधला भाग उजवीकडे धनुष्यावर दाबला जातो व पुढच्या क्षणी उलट वाकून बाण मोकळा होतो. त्यामुळे बाजूचा आधार आवश्यक ठरतो. लवचीक तारेचा रेस्ट आणि स्प्रिंगचा प्लंजर ही रिकर्व्हमधील जोडी येथे बहुधा सर्वांत सोयीची. स्प्रिंगचा ताण बाणाच्या ताठपणाप्रमाणे बदलता येतो. बाण सुटताच खाली पडणारा फॉल-अवे रेस्ट रिलीजसाठी उत्कृष्ट असला, तरी त्याला सहसा बाजूचा आधार नसतो. अरुंद पात्यावरून तर बोटांच्या पिळामुळे बाण ओढतानाच घसरू शकतो.

पिसे घासतात का, हे रेस्टवर पावडर लावून तपासतात. दोष प्रत्येक वेळी रेस्टचाच असतो असे नाही: आखूड धनुष्य पूर्ण ओढल्यावर प्रत्यंचेचा कोन अरुंद होतो आणि बोटे बाणाच्या खाचेला चिमटतात.